लांजेवारबाबूंची दोन मिनिटं

दोन मिनिटं म्हणजे एकशे वीस सेकंद, असं मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला. बाकी सगळे त्याला एक रीत समजतात. शोकसभेत अध्यक्ष म्हणतात, "दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या." लोक उठतात, खुर्च्या करकरतात, कोणीतरी खाकरतं, आणि अध्यक्षांना झालं असं वाटलं की झालं. सदाशिव लांजेवार मागच्या रांगेत उभे राहून रेल्वेतलं जुनं खिशातलं घड्याळ तळहातावर धरत आणि सभा पांगली की माझ्या कानाशी येऊन आकडा सांगत. "पंचेचाळीस." कधी "बावन्न." एकदा भर उन्हात एक मोठे पाहुणे अध्यक्ष होते. त्या दिवशी म्हणाले, "एकोणीस. मान खाली जाच्या आतच वर आली बाप्पा."

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. आम्ही कारखान्याचे नव्हतो. तो बांधायला ज्या अनेक ठेकेदार कंपन्या आल्या होत्या, त्यातल्या एकीचं ऑफिस मरोदा गावाच्या बाजूला पत्र्याच्या शेडमध्ये होतं. ती कंपनी पुढे गुंडाळली गेली. नाव सांगितलं तरी आज कोणाला आठवायचं नाही. लांजेवार तिथे हेडक्लार्क, म्हणजे बडेबाबू. मी टायपिस्ट. ते भंडाऱ्याकडच्या धानाच्या शेतीतले, मॅट्रिक होऊन रेल्वेत चिकटलेले आणि गोंदियाहून दुर्गच्या लाइनीवर स्टेशन स्टेशन सरकत इथवर आलेले. ठेंगणे, काळी टोपी, कोटाच्या वरच्या खिशात एक लाल पेन्सिल आणि एक निळी. निळीने ते लिहीत. लाल पेन्सिलीने दुसऱ्यांचं लिहिलेलं दुरुस्त करीत. लाल नेहमी आखूड असे.

कंपनीकडे उंचावरची कामं होती. एवढ्या उंचीवर एवढं लोखंड चढवायचं म्हणजे अधूनमधून माणसं पडणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. फक्त पडणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. कोणी पडलं की तिसऱ्या दिवशी शोकसभा होई, आणि सभेला ठराव लागे. ठराव लांजेवारांचा. मराठी माणसाला संस्कृत शब्दांची हिंदी फुकटात येते, आणि लांजेवारांना ती जरा जास्तच आली होती. ते खुर्चीवर मागे रेलून सांगत, मी टाइप करी. 'कर्तव्यनिष्ठ' कोणासाठी आणि 'मिलनसार' कोणासाठी, हे त्यांचं ठरलेलं होतं. वेळेवर येणारा कर्तव्यनिष्ठ. उशिरा येणारा मिलनसार.

नावांबद्दलही एक नियम होता. तो त्यांनी केला नव्हता, पण पाळत ते असे की त्यांनीच केला असावा. ज्याचं नाव कंपनीच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, त्याचं नाव ठरावात. मुकादमाच्या हाताखाली रोजीवर आलेल्या बायामाणसांचं नाव मस्टरवर नसे. ते सगळे नावांनंतरच्या दोन शब्दांत येत: 'एवं अन्य'. ते दोन शब्द मी इतक्यांदा टाइप केले आहेत की बोटं आपोआप तिकडे जात.

एकदा परांचीला बांधलेला पाळणा तुटला. मस्टरवरचा एक रिगर, लोखंडाला दोर-साखळ्या बांधणारा, गेला आणि रोजीवरचे तिघं. ठराव भोंग्यावर वाचला गेला. सभा संपली तेव्हा तारेच्या कुंपणापलीकडे उभी असलेली एक छत्तीसगढी बाई लांजेवारांना हाक मारून म्हणाली, "बाबू, मोर भाई के नाव पढ़े हव का?"

"पढ़े हन," लांजेवार म्हणाले. "'एवं अन्य' म हे."

"वो का होथे?"

"बाकी जम्मो झन." म्हणजे बाकीचे सगळे.

तिने थोडा विचार केला, "तब ठीक हे," म्हणाली आणि गेली. लांजेवार टेबलाशी येऊन मला म्हणाले, "समजदार बाई होती." मीही मान हलवली. त्या दिवशी आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही, हे नमूद केलेलं बरं.

नागपूरचा पेपर दुपारच्या पॅसेंजरने येई. डबा उघडायच्या आधी लांजेवार पेपर उघडत आणि लोक क्रिकेट वाचतात तसं संसदेचं वृत्त वाचत. आसामपलीकडच्या डोंगरात तेव्हा बंडखोरी चालली होती. लष्कराच्या गाड्यांवर हल्ले होत, जवान मरत, मग दिल्लीत सभागृह उभं राहून श्रद्धांजली वाही आणि मंत्री निवेदन करीत. लांजेवार ते निवेदन कारागिराच्या नजरेने पाहत. हल्ल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी काय छापून येणार ते आदल्या दिवशीच सांगत.

"पाहा वैद्य. पहिले दुःख. मंग जवानाचं शौर्य. मंग कुमक पाठवली. मंग परिस्थिती काबूत आहे. आखरी, कोनाची गय केली जानार नाई."

"कधीतरी गय आधी येईल," मी म्हणालो.

"गय पहिले नाई येत कदी. गय पहिले आली तं लोक घाबरतीन ना."

दुसऱ्या दिवशी पेपर येई, आणि पाचही वाक्यं पंगतीतल्या पदार्थांसारखी आपापल्या जागी असत. लांजेवार समाधानाने डबा उघडत.

त्यांना एकच मुलगा, प्रभाकर. ओव्हरसीयरचा कोर्स करून बसला होता. त्या काळात भिलाईत ओव्हरसीयरला नोकरी मिळणं म्हणजे पावसाळ्यात चिखल मिळण्यासारखं होतं. ओळखीच्या एका इंजिनिअरने आपणहून विचारलं, "लांजेवारजी, लड़के को भेज दीजिए." लांजेवारांनी हात जोडले आणि नको म्हणाले. सगळ्यांना वाटलं, काय निःस्पृह माणूस. मला कारण माहीत होतं. 'शोक' अशी चिठ्ठी लावलेली फाइल त्यांच्या डाव्या हाताच्या कप्प्यात असे.

"माह्या हातानं त्याचं नाव लिवाची पाळी नाई आली पायजे," ते मला म्हणाले. "दूर पाठवतो. आसामकडे रस्त्याचं काम निघालं आहे. आता रोजीवर घेतात, मंग कायम करतीन. तिथं क्रेन नाई, भट्टी नाई, उंची नाई."

"डोंगर आहेत ना पण."

"डोंगर पडत नाई वैद्य. शिडी पडते."

प्रभाकर गेला. त्याची पत्रं ऑफिसच्या पत्त्यावर येत, कारण कंपनीच्या खोल्यांपर्यंत पोस्टमन जात नसे. पहिली पत्रं पावसाची आणि जळवांची होती. पाचसहा महिन्यांनी एक आलं ते लांजेवारांनी मला वाचायला दिलं. पुढच्या कॅम्पवर गोळीबार झाला होता. रस्ता जेवढा पुढे जातो तेवढा मागे उखडला जातो, असं त्याने लिहिलं होतं. बरोबरचे दोघं काम सोडून गेले. शेवटी एवढंच: 'बाबा, तुम्ही सांगाल तसं करतो. येऊ का परत?'

परत येऊन तो भिलाईतच लागला असता, दुसरीकडे कुठे? लांजेवारांनी पत्र दोन दिवस कोटाच्या खिशात ठेवलं. तिसऱ्या दिवशी पेपरात मंत्र्यांचं निवेदन आलं. त्यांनी कात्रीने ते नीट कापलं, चौथ्या वाक्याखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढली, आणि कात्रण पाकिटात घातलं. 'परिस्थिती काबूत आहे.' ते वाक्य कसं तयार होतं, कुठे बसतं आणि का बसतं, हे त्यांच्याइतकं भिलाईत कोणाला माहीत नव्हतं. गारुड्याला साप चावतो तो असाच; पेटारी रोजच्या हाताची असते. पाकिटावरचा पत्ता मी टाइप केला.

तार आली तीही ऑफिसात. रस्त्याचं सामान नेणाऱ्या लष्करी गाड्यांवर हल्ला झाला होता, प्रभाकर त्यातल्या एका गाडीत होता, अंत्यसंस्कार तिकडेच उरकले होते. लांजेवारांनी तार दोनदा वाचली, घडी करून घड्याळाच्या खिशात ठेवली, समोरच्या कागदावरचं अर्धं राहिलेलं टिपण पूर्ण केलं, खाली सही केली, टोपी घातली आणि गेले. टिपण सिमेंटच्या पोत्यांना ताडपत्री घालण्याबद्दल होतं. त्यात एक चूक नव्हती.

दोन दिवसांनी मी भेटायला गेलो. पत्र्याची एक खोली आणि पुढे पडवी. मंजुळाबाई, त्यांची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारच्या दोघीतिघी जवळ होत्या. लांजेवारांच्या हातात त्या दिवशीचा पेपर होता. दिल्लीत सभागृह दोन मिनिटं उभं राहिलं होतं. जवानांचा आकडा होता, त्यांच्या शौर्याबद्दल चार ओळी होत्या, आणि त्यानंतर 'व काही मुलकी इसम' असं होतं.

"काय लिवलं आहे?" मंजुळाबाईंनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"दिल्लीत समदे उभे राहिले," लांजेवार म्हणाले. "मोठे मोठे. दोन मिनिटं."

"परभासाठी?"

"हाव."

"नाव घेतलं काय त्याचं?"

लांजेवारांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेपराकडे पाहिलं. "घेतलं," ते म्हणाले.

"दाखवा मले. कुठी आहे ते."

"आज नाई छापलं. उद्या येईन."

मंजुळाबाई शेजारणींकडे वळल्या. "दिल्लीत समद्याहीनं नाव घेतलं म्हनते माह्या पोट्ट्याचं," त्या म्हणाल्या. आवाजात रडणं होतं आणि त्यातच कुठेतरी, ऐकवत नव्हता असा थोडासा अभिमान होता. मला पोचवायला लांजेवार रस्त्यापर्यंत आले. "मसुदा बरोबर आहे," ते म्हणाले. "मस्टरवर नव्हता ना तो."

त्या दिवसापासून त्या रोज विचारू लागल्या आणि हे रोज उद्याचं सांगू लागले.

आमच्या मॅनेजरसाहेबांना संकटात संधी दिसे. आजूबाजूच्या कंपन्यांनी शहीद जवानांसाठी सभा घेऊन दिल्लीला तारा केल्या होत्या. साहेबांनी लांजेवारांना बोलावलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं. "लांजेवारजी, ऐसा लिखिए कि दिल्ली तक बात जाए. आपके जैसा कोई नहीं लिखता." मग आवाज मऊ करून म्हणाले, "आपका दुख भी उसी में आ जाएगा."

लांजेवार टेबलाशी आले, खुर्चीत मागे रेलले आणि सांगू लागले. मी टाइप करत होतो. वीर, अमर, कृतज्ञ राष्ट्र; शब्द नेहमीच्या वळणाने येत होते. जवानांचा भाग संपला. "एवं अन्य," ते म्हणाले.

माझी बोटं थांबली.

"कावून थांबला?"

"बाबू, इथे प्रभाकरचं नाव..."

"तो कंपनीत होता काय?"

"नाही, पण..."

"पलटनीत होता काय?"

"नाही."

"मंग लिवा ना. मसुदा तोच आहे."

त्यांचे डोळे मिटलेले होते. मी ते दोन शब्द टाइप केले. एवढे हळू मी ते कधी टाइप केले नव्हते.

सभा शेडसमोर झाली. भोंगा, हार, पांढऱ्या कापडावर भारतमाता, साहेबांचं भाषण. त्या काळातल्या भाषणात भट्टी आणि त्याग हे दोन शब्द एका वाक्यात आणावेच लागत. साहेबांनी ते तीनदा आणले. ठराव लांजेवारांनी वाचला. मला आत कुठेतरी वाटत होतं की ते आयत्या वेळी कागद बाजूला ठेवतील आणि नाव घेतील. पुस्तकांत तसं होतं. ते 'एवं अन्य' म्हणाले आणि पुढे गेले.

मग साहेबांनी, मोठेपणा म्हणून, श्रद्धांजलीची सूचना त्यांनाच द्यायला सांगितली. लांजेवारांनी घड्याळ काढलं. "दो मिनट," म्हणाले, आणि सगळे उभे राहिले.

हात वर करून शांतता संपवणं आता त्यांच्याकडे होतं. अर्धं मिनिट झालं. लोकांच्या माना सवयीने वर आल्या. हात वर झालेला नाही हे पाहून त्या खाली गेल्या, पुन्हा वर आल्या. साहेबांनी एक डोळा उघडला. लांब कुठेतरी हातोडा पडत होता, त्याचे ठोके मोजता येत होते. पुढच्या रांगेतल्या एका अकाउंटंटचा पाय थरथरू लागला. कुंपणापलीकडे रोजीवरचे मजूर जात होते, तेही थांबले. त्यांना कोणी उभं राहायला सांगितलं नव्हतं. साहेबांनी दुसरा डोळा उघडला. मी लांजेवारांकडे पाहत होतो. ते घड्याळाकडे पाहत होते, गाडी सुटायची वाट पाहणारा रेल्वेचा माणूस पाहतो तसे. दोन मिनिटं एवढी मोठी असतात, याचा आम्हाला कोणालाच अंदाज नव्हता.

त्यांनी हात वर केला. माझ्या बाजूने गेले तेव्हा सवयीने आकडा सांगितला. "एकशे वीस."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना बोलावून, ऊन फार होतं, असं सांगितलं.

त्यानंतर त्यांनी एका खासदारांना पत्र लिहिलं. मागणी एका ओळीची होती: त्या हल्ल्यात मेलेल्या मुलकी माणसांची नावं सभागृहात वाचावीत, ते जमत नसेल तर एक तरी वाचावं. खाली नाव दिलं होतं. ते मीच टाइप केलं. 'प्रभाकर सदाशिव लांजेवार' हे नाव माझ्या मशीनवर त्या दिवशी पहिल्यांदा पाकिटाबाहेर उमटलं. पावणेदोन महिन्यांनी उत्तर आलं. सायक्लोस्टाइल केलेलं, सही तेवढी शाईची. आपल्या भावना पोचल्या, सभागृहाने सर्वच मृतांना आदरांजली वाहिली आहे, सरकार परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे.

लांजेवारांनी ते लाल पेन्सिल हातात धरून वाचलं. पेन्सिल कुठेही टेकली नाही. "चांगला मसुदा आहे," म्हणाले. "माह्याच हातचा वाटते."

त्याच आठवड्यात त्यांनी डावीकडचा कप्पा उघडून 'शोक'ची फाइल बाहेर काढली आणि घरी नेली. रविवारी ते मला सेक्टर सहाच्या रस्त्यावर सायकलवर दिसले, फाइल मागच्या कॅरिअरला बांधलेली. मग दर रविवारी दिसू लागले. मरोद्याच्या झोपड्यांत जात, जुने मुकादम गाठत, जुन्या ठरावांची तारीख सांगून विचारत, त्या दिवशी आणखी कोण कोण होतं? बहुतेक मजूर काम संपताच पांगले होते. एक मुकादम त्यांना म्हणाला, "बडेबाबू, ये कौन याद रखता है?" लांजेवार म्हणाले, "हम लोग तो नहीं रखे."

एका रविवारी मी बरोबर होतो. पाळणा तुटला त्या वेळची ती बाई सिविक सेंटरच्या बांधकामावर विटा वाहताना सापडली. तिने लांजेवारांना लगेच ओळखलं. त्यांनी तिच्या भावाचं नाव विचारलं, तेव्हा ती डोक्यावरच्या विटांसकट थांबली.

"तुमन तो कहे रहेव, पढ़े हन."

"नइ पढ़े रहेन," लांजेवार म्हणाले. टोपी त्यांनी हातात घेतली होती.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. शिवी देईल असं मला वाटलं. दिली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. "बुधराम," ती म्हणाली. "लिख ले." आणि विटा घेऊन वर गेली.

त्यांनी तिथेच, रेतीच्या ढिगावर फाइल टेकवून, त्या ठरावातले 'एवं अन्य' लाल पेन्सिलीने खोडले आणि समासात 'बुधराम' लिहिलं. दोन नावांची जागा मोकळी सोडली.

"आता याचा काय उपयोग, बाबू?" मी विचारलं.

"उपयोग नाई. मस्टर पुरं करून राहिलो."

कंपनीचं काम संपत आलं होतं. मला नागपुरात नोकरी मिळाली. जायच्या आधीच्या रविवारी दुपारी निरोप घ्यायला त्यांच्या खोलीवर गेलो. दार उघडं होतं. लांजेवार बाजेवर बसून मोठ्याने पेपर वाचत होते आणि मंजुळाबाई बाजेच्या पायाशी खाली बसून ऐकत होत्या. दोघांची पाठ अर्धी माझ्याकडे होती. मी उंबऱ्याबाहेर थांबलो. तिथून पान दिसत होतं. त्यावर धानाचे आणि तेलाचे बाजारभाव होते.

"सभागृहानं उभं राहून आदरांजली वाहिली," लांजेवार वाचत होते. "प्रभाकर सदाशिव लांजेवार, ओव्हरसीयर." थोडं थांबले. "बुधराम. फिरंता. मनबोध. सुकवारो, बाई. आनखी दोन, नाव नाई भेटलं."

"हे बाकीचे कोन?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"परभाच्या संगचे."

"त्याहीच्या मायाईले माहीत आहे काय, पेपरात आलं म्हनून?"

लांजेवारांनी पेपराची कड सरळ केली. "नाई," ते म्हणाले.

"मंग जोरानं वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं, जोराने, पहिल्या नावापासून. शेजारच्या पडवीतली कुऱ्हाड लाकडावर थांबली. वाचून झाल्यावर त्यांनी पेपराची घडी केली. "आता उभं राहा लागते," ते म्हणाले. मंजुळाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, पदर सारखा केला आणि त्यांच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. लांजेवारांनी घड्याळ काढून तळहातावर धरलं. मीही बाहेर, सायकलचं हँडल धरून, होतो तसाच राहिलो.

दोन मिनिटं पुरी झाली. त्यांनी हात वर केला, घड्याळ खिशात ठेवलं आणि बाजेवर बसले.

मंजुळाबाई उभ्याच होत्या. हात वर झाला की बसायचं असतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.